टोपणनाव घ्यायचंय? आधी विभक्ती लावून बघा

समजा, एका कवीने 'पाऊस' हे टोपणनाव घेतलं. पहिला संग्रह आला आणि परीक्षणाचा मथळा छापला गेला: 'पावसाची नवी कविता'. ही पावसावरची कविता की पाऊस नावाच्या माणसाची? गोंधळ टाळायला 'पाऊसची कविता' लिहावं, तर मुद्रितशोधक ते चूक समजून परत 'पावसाची' करून ठेवतो. कवीच्या हाती उरतं ते आयुष्यभर 'पाऊस यांची' असं अवघडून लिहीत राहणं.

टोपणनाव निवडताना लोक अर्थ पाहतात, नाद पाहतात. ते मराठी वाक्यात कसं चालतं, करारावर कुठे बसतं आणि धनादेशावर का चालत नाही, हे प्रश्न पुस्तक छपाईला गेल्यावर उभे राहतात. तेव्हा नाव बदलणं महाग पडतं.

टोपणनाव कशाला म्हणायचं

अभंगाच्या शेवटी येणारं 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' ही नाममुद्रा. तिथे खरं नावच रचनेत गुंफलेलं असतं, काही झाकायचं नसतं. 'एका जनार्दनी'मध्ये तर एकनाथांच्या नावाला गुरूंचं नाव जोडलेलं आहे. मोरोपंतांचं 'मयूर' त्याच्या पुढचं पाऊल: नावाचा अर्थ तोच, शब्द वेगळा. गझलेतलं तखल्लुस, म्हणजे शायराचं टोपणनाव, दोन्ही कामं करतं, रचनेत येतं आणि मुखपृष्ठावरही. बिरुद मात्र दुसऱ्यांनी द्यायचं असतं. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 'बालकवी' ही ओळख १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात मिळाली. स्वतःच्या हाताने स्वतःला 'कविराज' लावणाऱ्याकडे वाचक कसं बघतात, हे सांगायला नको. नावाआधी न मिळवलेलं 'डॉ.' किंवा 'ॲड.' जोडणं तर टोपणनावात बसतच नाही. ती फसवणूक होते.

कायदेशीर नामांतर ही आणखी वेगळी गोष्ट. त्यासाठी राजपत्रात नोंद लागते आणि मग बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे नाव बदलावं लागतं. टोपणनावाला यातलं काहीही लागत नाही. ते कुठे नोंदवावं लागत नाही, कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. लिहायला लागलात की झालं.

कोणापासून झाकायचं, हे आधी ठरवा

पुढचे सगळे निर्णय या एका उत्तरावर उभे राहतात, म्हणून ते कागदावर लिहून काढा.

पहिला प्रकार उघड टोपणनावाचा. विष्णु वामन शिरवाडकर म्हणजेच कुसुमाग्रज, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कविता एका नावाने, नाटकं आणि कादंबऱ्या दुसऱ्या नावाने. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कवितेसाठी 'आरती प्रभू' हे नाव ठेवलं आणि कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहिल्या. राम गणेश गडकऱ्यांची तर तीन खाती होती: नाटकाला स्वतःचं नाव, कवितेला 'गोविंदाग्रज' आणि विनोदाला 'बाळकराम'. इथे गुपित काहीच नाही. वाचकाला नाव वाचून आत काय मिळणार ते कळावं, एवढाच हेतू. अशा नावाला गोपनीयतेची कलमं लागत नाहीत, नाव नीट निवडलं की पुरे.

दुसरा प्रकार अर्ध्या पडद्याचा. प्रकाशकाला, संपादकाला आणि दोन मित्रांना माहीत असतं, कार्यालयातल्या साहेबांना किंवा सासरी माहीत नसतं. बहुतेक लोकांना प्रत्यक्षात हेच हवं असतं. आडनावावरून जात, गाव, घराणं ओळखलं जातं आणि लिखाण त्या चष्म्यातून वाचलं जातं. ते टाळण्यासाठी नाव घेणारेही याच गटातले.

तिसरा प्रकार पूर्ण बंद. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं तेव्हा 'विभावरी शिरूरकर' कोण, यावर महाराष्ट्रात मोठी खळबळ झाली. त्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. स्त्रियांच्या मनातलं तेव्हा ज्या मोकळेपणाने लिहिलं गेलं, त्याला हा पडदा हवाच होता. पण बंद नाव सांभाळणं हे लेखनाइतकंच कष्टाचं काम आहे. कारण पक्कं नसेल तर या वाटेला जाऊ नका. निव्वळ गंमत म्हणून घेतलेला पूर्ण पडदा लेखक स्वतःच फाडतो, बहुधा पहिली स्तुती कानावर आली की.

नाव घडवणं

मराठी कवितेत एक जुना साचा आहे: घरातल्या माणसाच्या नावाला नातं जोडायचं. केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा, गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ, माधवानुज म्हणजे माधवाचा धाकटा, कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. अत्र्यांनी विडंबनासाठी घेतलेलं 'केशवकुमार' याच साच्यातलं, त्यांच्या वडिलांचं नाव केशव. हा साचा आज थोडा जुनाट वाटतो, पण ज्यांना तो आवडतो त्यांनी संधी तपासावा. अकारान्त आणि आकारान्त नावांना 'अग्रज', 'अनुज' सहज चिकटतात. इकारान्त किंवा उकारान्त नाव आलं की घोटाळा होतो: 'मधु' अधिक 'अग्रज' म्हणजे 'मध्वग्रज', जे उच्चारताना जीभ अडखळते. तिथे 'सुत', 'तनय', 'नंदन' घ्यावं, कारण व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दाला संधीची अडचण नाही. स्त्रियांसाठी 'सुता', 'अनुजा', 'आत्मजा'. आणि लक्षात घ्या, या साच्यात अर्धी ओळख नावातच दिलेली असते. बंद नावासाठी तो बाद.

आता विभक्तीची परीक्षा. निवडलेलं नाव पुढच्या पाच वाक्यांत घालून मोठ्याने वाचा: '…ची कविता', '…ने लिहिलं', '…ला पुरस्कार', '…च्या घरी', '… म्हणतात'. मराठीत सामान्य नाम आणि माणसाचं नाव यांत एक छान फरक आहे. 'प्रकाशाचा किरण' पण 'प्रकाशचा मुलगा', 'सागराची लाट' पण 'सागरची चिठ्ठी'. माणसाच्या नावाचं सामान्यरूप आपण आज सहसा होऊ देत नाही. म्हणून जे शब्द आधीपासून माणसांची नावं म्हणून रुळले आहेत, ते निर्धोक. न रुळलेले शब्द 'पाऊस'सारखे लोंबकळत राहतात. सगळ्यात त्रासदायक म्हणजे आकारान्त पुल्लिंगी शब्द: 'वारा' घेतलं की 'वाऱ्याची कविता' होणारच. ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द बिनघोर असतात, 'चांदणी'चं 'चांदणीची' होतं, फरक पडत नाही. आदरार्थी बहुवचनही मदतीला येतं: आत्माराम रावजी देशपांडे यांच्या 'अनिल' या नावाचा अर्थ वाराच, पण 'अनिलांची कविता' म्हटलं की माणूसच डोळ्यांपुढे येतो.

नाव फार छोटंही नको. नारायण मुरलीधर गुप्ते 'बी' या एका अक्षरावर अजरामर झाले, पण तो काळ छापील सूचींचा होता. आज एकाक्षरी नाव शोधपट्टीत टाकून पुस्तक सापडवून दाखवा.

गझल लिहिणार असाल तर नावाच्या मात्रा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. तखल्लुस मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात येतं आणि तिथे वृत्त सवलत देत नाही. 'निशांत' हे नाव घ्या: नि लघू, शां गुरू, त लघू. भुजंगप्रयात या वृत्तात प्रत्येक गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, लगागा (लघू, गुरू, गुरू) असतो, त्यात 'निशांत' बसत नाही. पण संबोधन करून 'निशांता' म्हटलं की लघू, गुरू, गुरू, अगदी पूर्ण एक गण. वृत्तात चार गण असल्याने ओळीत चार जागी ते ठेवता येतं. याउलट 'सारंगा' म्हणजे तीन गुरू. या वृत्तात हे रूप घेऊन कवी दर मक्त्याला वृत्ताशी भांडत बसेल. तुम्ही ज्या तीन-चार वृत्तांत जास्त लिहिता, त्यांत मूळ रूप आणि संबोधन दोन्ही बसवून पाहा. एकही बसत नसेल तर नाव कितीही गोड असो, सोडून द्या.

लेखनाचा भाग कंटाळवाणा आहे पण पुढे उपयोगी पडतो. एकच शुद्धलेखन ठरवा, ऱ्हस्व-दीर्घासकट. नावात 'ॲ' असेल तर सावध: संगणकावर तो एक अक्षर म्हणूनही टंकता येतो आणि 'अ'वर वेगळा चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे ग्रंथालयाच्या शोधात अर्धी पुस्तकं गायब. 'ऱ्य', 'ऱ्ह' यांचीही तीच तऱ्हा. रोमन लिपीतलं स्पेलिंगही आजच ठरवा. 'ज्ञ' असलेल्या नावाची तीन स्पेलिंग्ज तीन विक्रेते करतात आणि एकाच लेखकाचे तीन लेखक होतात.

लिंगाचा प्रश्न: क्रियापद चहाडी करतं

दुसऱ्या लिंगाचं किंवा लिंग न कळणारं नाव घेणाऱ्यांची खरी कसोटी इथे. काही भाषांत 'मी' लिहून मोकळं होता येतं, मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' हे सांगावंच लागतं. कथेत पात्र बोलतं म्हणून सुटका होते. मनोगत, ऋणनिर्देश, संपादकाला पत्र, वाचकाच्या मेलला उत्तर, इथे पकडले जाता.

कुठली रूपं उघडी पाडतात ते नीट ओळखा. वर्तमानकाळातलं 'लिहितो, लिहिते'. अकर्मक भूतकाळ: 'आलो, आले', 'राहिलो, राहिले'. 'लिहीत होतो, होते' आणि 'लिहायचो, लिहायचे'. 'शकतो, शकते'. सकर्मक असूनही कर्त्याप्रमाणे चालणारी काही क्रियापदं दगा देतात: म्हणणे, बोलणे, शिकणे, विसरणे, जेवणे. 'मी विसरलो' लिहून बसलात की संपलं.

निर्धोक रूपंही भरपूर आहेत. 'मी पाहिलं, वाचलं, लिहिलं' यांत क्रियापद कर्माकडे बघतं, तुमच्याकडे नाही. 'मी लिहीत आहे', 'मी लिहीत असे', 'मी लिहीन', 'मी लिहावं' सगळी सुरक्षित. 'म्हणालो'ऐवजी 'मी म्हटलं'. 'विसरलो'ऐवजी 'लक्षातून गेलं'. 'करू शकतो'ऐवजी 'मला करता येतं'. 'वाटतं, आठवतं, आवडतं' यांना तर 'मला' लागतो, त्यामुळे प्रश्नच नाही.

मनोगतातला हा उतारा बघा:

'मी एका खेड्यात वाढलो. शाळेत असताना कविता लिहू लागलो. आता एका कार्यालयात नोकरी करतो आणि सुटीत डोंगरात फिरतो.'

चार ठिकाणी लिंग उघड. तोच मजकूर असा फिरवता येतो:

'बालपण एका खेड्यात गेलं. शाळेतच कवितेची वही सुरू झाली. सध्या कार्यालयीन नोकरी. सुटी मिळाली की डोंगर.'

वाक्यं उलट आटोपशीर झाली. पण संपूर्ण पुस्तकभर असं लिहिलं तर गद्य कृत्रिम होतं, म्हणून हा उपाय मनोगत आणि पत्रव्यवहारापुरता ठेवावा.

मलपृष्ठावरचा परिचय प्रकाशनसंस्था लिहिते, तिथे वेगळी काळजी. 'लिहितात', 'राहतात' ही रूपं दोन्हींना चालतात, घात करतं ते त्याआधीचं 'ते' किंवा 'त्या' आणि 'लेखक' की 'लेखिका'. 'यांचा जन्म', 'यांचं वास्तव्य', 'यांनी लिहिलं आहे' या रचना वापरायला सांगा. परिचयाचा मजकूर स्वतःच लिहून द्यावा हे उत्तम.

हे नाव आधीच कोणाचं नाही ना?

शोधपट्टीत नाव देवनागरीत, मग रोमनमध्ये, मग 'कवी', 'लेखक', 'गझल' असे शब्द जोडून शोधा. मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीत, पुस्तकविक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर आणि समाजमाध्यमांवर पाहा. त्याच क्षेत्रातल्या जिवंत माणसाचं नाव किंवा त्याच्याशी सहज गल्लत होईल असं नाव टाळाच. नाव आणि आडनाव अशी जोडी घेत असाल तर ती एखाद्या खऱ्या खासगी माणसाची असण्याची शक्यता मोठी असते. तुम्ही राजकीय उपहास लिहाल आणि धमक्या त्या नावाच्या एखाद्या शिक्षकाला जातील. उपाय सोपा: जोडी अशी निवडा की एकत्र सहसा आढळणार नाही.

सदरासाठी नाव घेताना आणखी एक गोष्ट स्पष्ट करा. जयवंत दळवींचं 'ठणठणपाळ' हे नाव आणि त्यामागचा माणूस वेगळे करता येत नाहीत. पण कित्येक दैनिकांत सदराचं टोपणनाव संपादकीय विभाग देतो आणि लेखक बदलला तरी नाव चालू राहतं. तुम्ही घडवलेलं नाव तुमच्यासोबत जाणार की सदरासोबत राहणार, हे पहिल्याच मेलमध्ये एका ओळीत लिहून घ्या. तोंडी ठरलेलं संपादक बदलले की संपतं.

करार: दोन नावं, दोन जागा

टोपणनावाने करार करू नका, करारात टोपणनाव लिहा. खरं नाव पहिल्या कलमात, पॅन कार्डावर आहे तसं अक्षरन् अक्षर. सही खऱ्या नावाची. मसुद्यात घालायला हा परिच्छेद चालेल:

'या करारात "लेखक" म्हणजे (पॅनवरील संपूर्ण नाव), राहणार (पत्ता). पुस्तकाचे मुखपृष्ठ, शीर्षकपान, श्रेयपान, जाहिरात, सूची व ई-आवृत्ती यांत लेखकाचे नाव केवळ "(टोपणनाव)" असे छापले जाईल. लेखकाच्या लेखी संमतीशिवाय प्रकाशक लेखकाचे खरे नाव कोणासही कळवणार नाही. कायद्याने ते सांगणे भाग पडल्यास शक्य तेथे लेखकास आधी लेखी कळवेल. लेखकाने अथवा लेखकाच्या वारसांनी मागणी केल्यास लेखकाची ओळख जाहीर करण्यात प्रकाशक सहभागी होईल.'

शेवटचं वाक्य अनेकांना अनावश्यक वाटतं. ते का हवं, ते स्वामित्वहक्काच्या भागात येईल.

त्याखेरीज हक्क देण्याचा काळ आणि प्रदेश लिहायला विसरू नका. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षं धरला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हा नियम सगळ्याच लेखकांना लागू आहे, पण टोपणनावाने लिहिणारा वाद घालायला कचरतो, म्हणून त्याने कागद जास्त घट्ट बांधावा.

पैसे

मानधन खऱ्या नावाच्या खात्यातच येतं. टोपणनावाने निघालेला धनादेश बँक परत करते, आणि दिवाळी अंकांच्या गर्दीत दुसरा निघेपर्यंत होळी येते. त्यामुळे लेख पाठवतानाच शेवटी वेगळ्या ओळीत लिहा: 'छापण्यासाठी नाव: अमुक. मानधनासाठी नाव: तमुक.' या दोन ओळी वेगळ्या नसल्या की घाईत अक्षरजुळणी करणारा मानधनाचंच नाव लेखावर टाकतो. गुपित हवं असेल तर मानधनाचा तपशील वेगळ्या मेलने, फक्त हिशेबनिसाला. यूपीआयने पैसे घेताना देणाऱ्याला बँक खात्यावरचं नाव दिसतं, म्हणून वाचकांकडून थेट पुस्तकविक्री करणाऱ्या बंद टोपणनावाने ती वाट वापरू नये. प्राप्तिकराच्या विवरणात हे उत्पन्न खऱ्या नावावरच दाखवायचं. टोपणनावाला स्वतंत्र पॅन नसतो.

स्वामित्वहक्क: गुप्ततेची किंमत

टोपणनावाने लिहिलं म्हणून हक्क जात नाही. पण मुदत बदलते. साधारण नियम असा की लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. कलम २३ टोपणनावाच्या आणि निनावी लेखनाला वेगळं धरतं: ओळख जाहीर झालेली नसेल तर ६० वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजायची. हिशेब करून बघा. पुस्तक २०२६ मध्ये आलं आणि लेखकाचं निधन २०६० मध्ये झालं. ओळख बंदच राहिली तर हक्क २०८६ अखेर संपतो. मुदत संपण्याआधी ओळख जाहीर झाली तर तो २१२० अखेरपर्यंत चालतो. वारसांचं ३४ वर्षांचं उत्पन्न एका घोषणेवर अवलंबून आहे.

ही घोषणा कशी करायची, हेही कायद्याने सांगितलं आहे: लेखक आणि प्रकाशक या दोघांनी सार्वजनिकरीत्या करायची, किंवा लेखकाने न्यायसंस्थेपुढे ओळख सिद्ध करायची. पूर्वी हे काम अपिलीय मंडळाकडे होतं, २०२१ च्या बदलानंतर ते व्यावसायिक न्यायालयाकडे गेलं. दोन्ही वाटांवर लेखक स्वतः उभा आहे, हे लक्षात घ्या. तो गेल्यावर वारसांनी एकट्याने काय करायचं, हा प्रश्न अवघड होतो. म्हणून करारातलं ते शेवटचं वाक्य, आणि म्हणूनच घोषणापत्र लेखक हयात असताना दोघांच्या सह्यांनी करून ठेवणं. वेळ आली की ते प्रसिद्ध करता येतं.

आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ओळख बंद असेतोवर, चोरी करणाऱ्यावर दिवाणी दाव्याच्या कामी कलम ५४ प्रकाशकालाच हक्कधारक धरतं. प्रकाशक लढला तर ठीक. तो झोपला, किंवा भांडण त्याच्याशीच असलं, तर लेखकाला पडद्याबाहेर यावंच लागतं.

गुपित कुठून फुटतं

कोणी गुप्तहेर मागे लागत नाही. घरच्याच चिंध्यांतून ते बाहेर पडतं.

पहिली जागा श्रेयपान, म्हणजे शीर्षकपानाची मागची बाजू. मुखपृष्ठावर टोपणनाव, आणि उलटून पाहिलं तर गोलातल्या सी पुढे खरं नाव, खाली घरचा पत्ता. प्रकाशक जुन्या पुस्तकाचं पान उघडून नाव बदलतो आणि ही ओळ करारातून उचलतो. शेवटचं मुद्रित हातात आल्यावर हे पान सगळ्यात आधी तपासा. त्याच्या जोडीने अर्पणपत्रिका ('ती. आई व ती. दादांस', पुढे नावं), ऋणनिर्देशातला नवरा किंवा बायको, आणि मुखपृष्ठाच्या चित्रकाराने कौतुकाने टाकलेली पोस्ट.

दुसरी जागा फाइल. शब्दसंपादकातल्या फाइलच्या गुणधर्मांत संगणकाच्या मालकाचं नाव आपोआप बसतं, दुरुस्त्यांच्या नोंदींवरही तेच. फाइल पाठवण्यापूर्वी गुणधर्म उघडून लेखकाचं नाव काढा, सगळ्या दुरुस्त्या स्वीकारून नोंदी पुसा, पीडीएफ केल्यावर तीही तपासा. ढगावरचा (क्लाउडवरचा) दस्तऐवज शेअर केला की तुमचं खातं फोटोसकट दिसतं. टोपणनावाचं वेगळं खातं काढून तिथूनच शेअर करा.

तिसरी जागा फोन. नव्या खात्याला रोजचा क्रमांक जोडला की समाजमाध्यम तुमच्या मावसबहिणीला 'यांना ओळखता का?' म्हणून तेच खातं दाखवतं. वेगळा क्रमांक घ्या आणि संपर्कयादीची परवानगी देऊ नका.

चौथी जागा डाक. मुद्रितांचं पाकीट कार्यालयाच्या पत्त्यावर, वरती पुस्तकाचं नाव ठळक. प्रकाशकाला साधं पाकीट आणि घरचा पत्ता असं सांगून ठेवा.

आणि शेवटी भाषा. 'किंबहुना', 'तूर्तास', 'असो' असे लाडके शब्द प्रत्येकाचे असतात. खऱ्या नावानेही लिहीत असाल तर दोन्हीकडची पाच-पाच पानं शेजारी ठेवून आपलेच शब्द अधोरेखित करा. दहाव्या ओळीला ओळख पटते.

पडद्यामागे काय चालत नाही

प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, न्यायालयातली साक्ष, नोकरीचा अर्ज यांत खरंच नाव. पासपोर्टच्या अर्जात तुम्ही अन्य नावाने ओळखले जाता का, असं विचारलेलं असतं. टोपणनाव सर्वज्ञात असेल तर ते तिथे लिहा. दुसऱ्याचं नाव सांगून पैसे उकळणं म्हणजे तोतयेगिरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ नुसार तो माणूस काल्पनिक असला तरी गुन्हा होतो. संगणकाच्या साहाय्याने केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. बदनामीच्या दाव्यातही पडदा ढाल होत नाही: न्यायालय प्रकाशकाकडे किंवा सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे नाव मागू शकतं. म्हणून टोपणनावाने टीका लिहिताना खऱ्या नावाने लिहिली असती तेवढेच पुरावे जवळ ठेवा.

नाव बंद करताना

एखादं नाव थांबवायचं असेल तर नुसतं लिहिणं सोडू नका. चालू करारांची, न आलेल्या मानधनाची आणि त्या नावाच्या मेल, खाती व संकेतशब्दांची एक यादी करा. मेलखातं निष्क्रिय ठेवलं तर काही काळाने ते बंद केलं जाऊ शकतं, आणि पुनर्मुद्रणाची विचारणा त्याच पत्त्यावर यायची असते. यादी, करारांच्या प्रती आणि दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र एका पाकिटात घालून मृत्युपत्रासोबत ठेवा. पाकिटावर खरं नाव लिहा, आत टोपणनाव. उलटं लिहिलंत तर कपाट आवरणाऱ्याला ते कुणाचं तरी परकं पाकीट वाटेल आणि रद्दीत जाईल.